ज्याला गाव हसतं

तंजावरहून कुंभकोणमकडे निघालेली गाडी वाटेत पापनाशम् नावाच्या गावी थांबते. चहूकडे भातशेती, केळीच्या बागा, कावेरीचे फाटे, आणि गावात १०८ शिवलिंगांचं जुनं देऊळ. देवळाची कथा अशी सांगतात : लंकेहून परतताना खर-दूषणांच्या वधाचा दोष आपला पिच्छा सोडत नाही, असं रामाला जाणवलं. प्रायश्चित्त म्हणून शिवलिंगं स्थापायचं ठरलं. मारुतीला लिंग आणायला काशीला पाठवलं. त्याला यायला उशीर झाला. मुहूर्त टळू नये म्हणून सीतेनं वाळूची लिंगं घडवली आणि १०७ लिंगांची पूजा उरकली. मारुती येऊन बघतो तर काम झालेलं. तो भडकला. वाळूच्या लिंगाला शेपटीचा विळखा घालून त्यानं ते उपटायला घेतलं. लिंग जागचं हललं नाही, मारुती मात्र फजीत झाला. अखेर त्यानं आणलेलं लिंग १०८ वं मानून रामानं त्याची समजूत काढली.

वध, मागे लागलेला दोष, प्रायश्चित्त. आणि ऐन मध्यावर रुसलेला मारुती. मृत्यू आणि थट्टा एकाच गोष्टीत नांदवण्याची हातोटी कावेरीच्या या खोऱ्याला जुनीच आहे. विसाव्या शतकात याच पंचक्रोशीनं तमिळ वाचकांना दोन अजब गुप्तहेर दिले : एक सोंगं घेणारा साधू, दुसरा बँकेतला मठ्ठ कारकून. दोघांच्या कथा गुन्ह्यांच्या, पण वाचणारा हसत हसत वाचतो. छोट्या गावातला खून आणि त्याभोवतीची गंमत यांची गोडी जगभर का टिकून आहे, हे समजून घ्यायला हा मुलूख फार सोयीचा आहे.

रक्ताचा थेंब न दाखवता

या जातीच्या कथेची मांडणी ठरलेली असते. गाव लहान, सगळे सगळ्यांना ओळखणारे. खून होतो, पण डोळ्यांसमोर होत नाही. प्रेत सापडतं तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मेलेला माणूस बहुधा असा, की त्याच्यासाठी फार कोणी रडत नाही. तपास करणारा पोलीस नसतो. निवृत्त शिक्षिका, पोस्टातली बाई, बेकरीवाला, कुणाची तरी मावशी, असं कोणीतरी असतं. पोलीस येतात, पण चुकीच्या माणसाला धरायला. मधल्या पानांत खाणंपिणं, मांजरं, देवळाच्या किंवा चर्चच्या कमिटीतली भांडणं, चहाड्या. शेवटी खुनी सापडतो आणि दुसऱ्या दिवशी गावाचा बाजार नेहमीसारखा भरतो.

इंग्लंडमध्ये हा साचा पहिल्या महायुद्धानंतर पक्का झाला. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल १९२७ साली एका लघुकथेत पहिल्यांदा दिसली आणि १९३० मध्ये 'द मर्डर ॲट द व्हिकारेज' या कादंबरीतून लोकप्रिय झाली. गोष्ट सांगतो गावाचा पाद्री. सुरुवातीलाच जेवणाच्या टेबलावर तो बोलून जातो, की कर्नल प्रोथरोला कोणी मारलं तर जगावर उपकार होतील. थोड्याच पानांनंतर कर्नल मरून पडतो, तोही पाद्रीबुवांच्याच अभ्यासिकेत. अमेरिकेत १९८४ ते १९९६ या काळात 'मर्डर, शी रोट' या मालिकेचे २६४ भाग झाले. तिची नायिका राहते त्या कॅबट कोव्ह या चिमुकल्या बंदरगावात इतके खून पडले, की त्या गावात राहायला जाणंच जिवावरचं, असा विनोद रूढ झाला. २०२० मध्ये रिचर्ड ऑस्मन यांची 'द थर्सडे मर्डर क्लब' आली. तिच्यातले गुप्तहेर वृद्धांच्या वसाहतीत राहतात आणि केकचे तुकडे खात जुन्या खुनांच्या फायली चाळतात.

एवढी ओढ कशाची? कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी १९४८ मध्ये एका निबंधात याचं उत्तर दिलं. कथेचं गाव नंदनवनासारखं हवं, म्हणजे तिथलं प्रेत जास्त विजोड दिसतं. खुनी सापडला की दोष बाहेर जातो आणि गाव पुन्हा निष्पाप होतं. वाचकाला हे शुद्धीकरण हवं असतं. पापनाशम् गावाच्या स्थळपुराणाशी हे उत्तर चांगलं जुळतं. पण त्यात एक गोष्ट राहून जाते. शुद्धीकरण गंभीर चेहऱ्यानंही होऊ शकतं. मग या कथा हसवतात कशाला? विनोद ही वरून पेरलेली कोथिंबीर असती तर तो काढून टाकल्यावरही कथा उभी राहिली असती. ती राहत नाही. या कथांत तपास चालतो तोच हसण्यावर. कसा, ते कुंभकोणमच्या दोघा गुप्तहेरांकडून शिकता येतं.

कुंभकोणमचा वकील

तमिळमध्ये गुप्तहेरकथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. पंडित नटेश शास्त्री यांची 'दानवन' १८९४ ची. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जे. आर. रंगराजू, आरणी कुप्पुस्वामी मुदलियार आणि वडुवूर के. दुरैसामी अय्यंगार या लेखकांनी तिला घरोघरी पोचवलं. वडुवूर हे गाव तंजावर आणि मन्नारगुडी यांच्या मधलं. अय्यंगार सरकारी नोकरी सोडून पूर्णवेळ कादंबरीकार झाले. रेनॉल्ड्ससारख्या इंग्रज लेखकांची कथानकं उचलून त्यांना ते कावेरीकाठचं अंगडं-टोपडं चढवत. माणूस छांदिष्ट होता. प्राचीन इजिप्तचे लोक मूळचे तमिळच, हे सिद्ध करायला त्यांनी आयुष्यातली बरीच वर्षं खर्च केली.

त्यांचा गुप्तहेर म्हणजे दिगंबर सामियार. नावानं संन्यासी, कामानं बहुरूपी. त्याची सर्वांत गाजलेली कादंबरी 'कुंभकोणम वक्कील'. गावातला कावेबाज वकील हा तिच्यातला खलनायक. या निवडीत अय्यंगारांचं गावाचं ज्ञान दिसतं. कुंभकोणम म्हणजे मठ, देवळं, १८५४ साली सुरू झालेलं सरकारी कॉलेज, आणि कोर्ट. सुपीक जमीन, मोठे मिरासदार, वाटण्या, दत्तकविधानं, देवस्थानांच्या इनामांचे तंटे; साहजिकच वकिलांची चलती. पांढरंस्वच्छ धोतर, कपाळी गंध, सभेत पहिल्या रांगेत खुर्ची. गावानं ज्याच्यावर सहसा संशय घेतला नसता असा हा माणूस.

पुढे १९४६ मध्ये जॉर्ज ऑर्वेलनं इंग्रजांच्या आवडत्या खुनांवर एक खुसखुशीत लेख लिहिला. रविवारी दुपारी भरपेट जेवून सोफ्यावर पडलेल्या माणसाला कसला खून वाचायला आवडेल, याचं त्यानं वर्णन केलं. खुनी दंतवैद्य किंवा वकील असावा, उपनगरात अब्रूनं राहणारा असावा, आणि अब्रू जाऊ नये म्हणूनच त्यानं खून केलेला असावा. कावेरीकाठी हे गणित अय्यंगारांनी आधीच मांडून ठेवलं होतं. गुन्हेगार प्रतिष्ठित, त्याला पकडणारा मात्र ज्याला प्रतिष्ठाच नाही असा, कधी गोसावी, कधी नोकर, कधी आणखी कोणी.

१९५० साली सेलमच्या मॉडर्न थिएटर्सनं या कादंबरीवर 'दिगंबर सामियार' हा चित्रपट काढला. टी. आर. सुंदरम् यांनी तो दिग्दर्शित केला. मुख्य भूमिकेत एम. एन. नंबियार होते, पुढे तमिळ पडद्यावरचा खलनायक म्हणून नाव काढलेले. या चित्रपटात त्यांनी अकरा सोंगं वठवली. प्रेक्षक यायचे ते पुढचं सोंग कोणतं हे बघायला. सोंग आलं की थिएटर हसायचं, आणि पडद्यावरची पात्रं त्या सोंगापुढे बेसावधपणे नको ते बोलून जायची. गुप्तहेराचं हत्यार म्हणून हसू कसं चालतं, त्याचा हा पहिला धडा.

मठ्ठ सांबू

दुसरा धडा आणखी वरचा आहे. कुंभकोणमच्या ईशान्येला काही मैलांवर तिरुविडैमरुदूर. मराठी वाचकाला या गावाची वेगळी ओळख आहे. १७९८ मध्ये तंजावरच्या गादीवरून दूर व्हावं लागल्यावर अमरसिंह भोसले इथे येऊन राहिले आणि इथेच त्यांचा छोटा दरबार भरू लागला. याच गावी ८ सप्टेंबर १९१३ रोजी आर. महादेवन यांचा जन्म झाला. शिक्षण गावात आणि कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात. पुढे मद्रासला 'आनंद विकटन' साप्ताहिकात, कल्की कृष्णमूर्तींच्या हाताखाली, ते नोकरीला लागले. कल्की बाहेर पडल्यावर १९४२ पासून ते संपादनाची धुरा सांभाळू लागले आणि १९५७ मध्ये, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी वारले. लेखक म्हणून त्यांनी नाव घेतलं 'देवन'.

त्यांचा 'तुप्परियुम् सांबू', म्हणजे गुप्तहेर सांबू, हा तमिळ विनोदातला अमर माणूस आहे. वय चाळिशीच्या आसपास, टक्कल, मोठं नाक, बँकेतली कारकुनी, आणि डोक्यात सगळा काळोख. साहेब त्याला हसतो, सोबतचे कारकून हसतात. हा माणूस योगायोगानं एका भानगडीत सापडतो, काहीतरी वेंधळेपणा करतो आणि त्यातून चोर पकडला जातो. लोक थक्क होतात. सांबूला आपण काय केलं हे कळलेलं नसतं. तो गप्प राहतो. गप्प राहिल्यामुळे तो गहन वाटायला लागतो. डोळे मिटून बसला तर विचारात गढलाय, वाकून पाहिलं तर पुरावा शोधतोय, पाय घसरून पडला तर काय युक्ती केली! इन्स्पेक्टर गोपालन त्याला मान देतात, वेंबू नावाची बायको मिळते, कीर्ती पसरते. आत सांबू होता तसाच.

या विनोदाची धार कळायला एक जुना दाखला हवा. रोनाल्ड नॉक्स या कॅथलिक धर्मगुरूनं १९२९ मध्ये गुप्तहेरकथेचे दहा नियम सांगितले होते. तो स्वतः विनोदी लिहायचा. त्याचा सहावा नियम असा, की गुप्तहेराला अपघाताची मदत होता कामा नये आणि अंतःप्रेरणेनं कोडं सुटता कामा नये. नवव्या नियमानं म्हटलं, की गुप्तहेराचा मित्र वाचकापेक्षा किंचितच मंद असावा. देवनांनी दोन्ही नियम उलटे टांगले. सांबूच्या कथेत अपघात सोडून काही नाहीच, आणि वाचकापेक्षा मंद आहे तो स्वतः गुप्तहेर. होम्सपुढे वाचक स्वतःला लहान समजतो. सांबूपुढे तो स्वतःला हुशार समजतो, आणि गाफील राहतो.

या थट्टेच्या मुळाशी गावाविषयीचं नेमकं निरीक्षण आहे. ज्याला गाव हसतं त्याच्यासमोर कोणी जपून बोलत नाही. इन्स्पेक्टर आला की सगळ्यांच्या जिभेला गाठ बसते. सांबू आला तर गुन्हेगारसुद्धा त्याची टिंगल करायला दोन वाक्यं जास्त बोलतो. मिस मार्पलचंही बळ हेच. विणकामाची सुई चालवत बसलेल्या म्हातारीकडे कोण लक्ष देतं? सेंट मेरी मीड या तिच्या गावचे लोक तिला गप्पिष्ट समजतात आणि तिच्यासमोर सगळं ओकतात. सांबू आणि मार्पल यांच्यात बुद्धीचं जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण गावात त्यांची जागा एकच : हसण्याजोगा माणूस.

युद्ध, अफवा आणि साप्ताहिकाचा अंक

सांबू जन्मला तो काळ हसण्याचा नव्हता. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाडा इथे बाँब टाकले. मद्रासमध्ये घबराट उडाली. लोकांनी मिळेल ती गाडी पकडून आपापली गावं गाठली; त्यांत तंजावर जिल्ह्याकडे निघालेलेही पुष्कळ होते. धान्य महाग, कागद दुर्मीळ, बातम्या सेन्सॉर झालेल्या. याच युद्धकाळात 'आनंद विकटन'मध्ये सांबू धडपडत होता.

त्याच्या जोडीला खरा खूनही हजर होता. नोव्हेंबर १९४४ मध्ये मद्रासला लक्ष्मीकांतन या पत्रकारावर चाकूचे वार झाले आणि दुसऱ्या दिवशी तो मेला. नटनट्यांची लफडी छापून त्यानं अनेकांना सळो की पळो केलं होतं. या खटल्यात त्या वेळचा सर्वांत मोठा गायक-नट एम. के. त्यागराज भागवतर आणि सर्वांत मोठा विनोदी नट एन. एस. कृष्णन या दोघांना जन्मठेप झाली. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं, आणि १९४७ मध्ये दोघे सुटले. आख्ख्या तमिळ मुलखाला हसवणारा माणूस खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात होता. पुढे तो पुन्हा उभा राहिला. भागवतरांचा तारा मात्र कायमचा मावळला.

खऱ्या आणि लिहिलेल्या खुनातला फरक इथे लख्ख दिसतो. दोन्हींकडे इंधन एकच : चहाडी. पण खऱ्या खटल्यात चहाडीनं माणसं उद्ध्वस्त केली, आणि नेमकं सत्य काय याची चर्चा आजही संपलेली नाही. सांबूच्या कथेत तीच चहाडी शेवटच्या पानावर न्यायाच्या कामी येते. इंग्लंडातही मार्पलचं गाव दोन महायुद्धांच्या मधे वसलं, हा योगायोग नव्हे. बाहेर कारणांवाचून माणसं मरत असताना, इथे एकच मरतो आणि त्याचं कारण सापडतं. वाचकाला धीर देते ती ही कारणाची हमी.

हसताना निसटलेला पुरावा

आता लेखकाच्या बाजूनं पाहू. गुप्तहेरकथेचा करार असा, की पुरावा वाचकासमोर ठेवायचा आणि तरी तो त्याला दिसू द्यायचा नाही. गंभीर कथेत हे अवघड जातं. गंभीर वाक्य वाचक पारखून घेतो. विनोदी वाक्य तो पारखत नाही. हसू आलं की त्या वाक्याचं काम झालं असं त्याला वाटतं.

समजा, पापनाशममध्येच एक कथा रचायची आहे. भातगिरणीचा मालक अग्रहारातल्या आपल्या घरात सकाळी मेलेला आढळतो. झोपेत गेला असेल, आठ वाजता उठवायला गेल्यावर कळलं, असं घरचे सांगतात. समोरच्या घरात एक पाटी म्हणजे आजीबाई राहतात. या गावांत भिंतीला भिंत लागून घरं असतात आणि प्रत्येक घरापुढे तिण्णै, म्हणजे बसायचा ओटा. आजीबाईंचा मुक्काम पहाटेपासून तिथेच. कुंभकोणमच्या कॉफीचा पेला हातात धरून त्या येणाऱ्याजाणाऱ्याला गाऱ्हाणी ऐकवतात : दुधात पाणी, देवळाचा भोंगा कर्कश, मोटारसायकलवाली पोरं माजलेली. आणि समोरची सून अशी ऐदी, की सहा वाजून गेले तरी दारात कोलम नाही. आमच्या वेळी सासूनं घराबाहेर काढलं असतं. वाचक हसतो. अशी आजी त्याच्याही गल्लीत आहे.

पण तमिळ घरात पहाटे सडा घालून कोलम, म्हणजे रांगोळी काढण्याचा नेम चुकत नाही. तो चुकतो तो घरात सुतक असताना. मृत्यू आठला कळला असेल तर सहाला दार उघडं-बोडकं का? सुनेला आधीच माहीत होतं, की आज या दारात रांगोळी काढायची नसते. पुरावा लख्ख पुढ्यात होता. आजीच्या कुरकुरीत गुंडाळलेला असल्यामुळे वाचकानं तो हसून बाजूला सारला. शेवटी आजीच हे उलगडून सांगते, तेव्हा तो कपाळावर हात मारतो. या कपाळावर हात मारण्यासाठीच तो पुढचं पुस्तक विकत घेतो.

असा पुरावा मोठ्या शहरात चालणार नाही. चाळिसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या दारात रांगोळी आहे की नाही, हे शेजारी बघत नाही. छोट्या गावात प्रत्येक जण साक्षीदार असतो, पण आपण साक्षीदार आहोत हे त्याला माहीत नसतं. त्याच्या लेखी ती नुसती कुचाळकी असते. म्हणून गाव लहान हवं.

मराठी घरातले सांबू

मराठीत या बियाण्याला जमीन नव्हती असं नाही. उलट, कावेरीकाठी ती मराठी राजांनीच नांगरली होती. तंजावरचे शहाजीराजे भोसले १६८४ ते १७१२ या काळात राज्य करत होते. त्यांनी मराठीत आणि तेलुगूत नाटकं लिहिली. त्यांचं 'सतीदानशूरमु' हे तेलुगू यक्षगान मन्नारगुडीच्या देवळाच्या उत्सवात घडतं. त्यात मोरोभट्ट नावाचा विद्वान ब्राह्मण एका स्त्रीच्या मोहात पडून शिष्यादेखत आपली शोभा करून घेतो. राजा लिहितो, आणि गावातल्या सर्वांत प्रतिष्ठित माणसाचं पितळ चारचौघांत उघडं पाडतो. खून नाही, तपास नाही. पण प्रतिष्ठिताला हसत हसत उघडं पाडण्याची रीत तीच.

पुढे कुंभकोणमात जन्मलेले टी. माधवराव ज्या बडोद्याचे दिवाण झाले, त्याच बडोद्यात पाली शिकवता शिकवता चिं. वि. जोशींनी चिमणराव घडवला. सांबूचा हा मराठी मावसभाऊच. तसाच भोळा, तसाच स्वतःच्या हुशारीवर खूश, भोवती तसंच टपलेलं कुटुंब. चिमणरावाला खुनाचा तपास करायला लावणारा देवन मात्र मराठीला मिळाला नाही. मराठी रहस्यकथेची वाट वेगळ्या बाजूनं गेली. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड मुंबईच्या रात्रीत वावरणारे, पिस्तूल बाळगणारे, रुबाबदार. त्यांना कोणी हसत नाही. म्हणून त्यांच्यासमोर कोणी सहज काही बोलतही नाही. माहिती मिळवायला त्यांना खिडकीतून उडी मारावी लागते.

हसण्याजोगा गुप्तहेर मराठीला दिला तो भा. रा. भागवतांनी. फुरसुंगीचा बनेश फेणे काडीपैलवान आहे, सतत सायकलवर असतो आणि तोंडानं 'ट्टॉक' आवाज काढतो. बदमाश त्याला पोरगं समजून त्याच्यादेखत बेत ठरवतात. पुस्तकं मुलांची असल्यानं मृत्यू बेताचाच, पण यंत्र तेच. २०१६ मध्ये झी मराठीच्या 'रात्रीस खेळ चाले'नं हा प्रयोग मोठ्यांसाठी केला. कोकणातला वाडा, अण्णा नाईकांच्या मृत्यूनं सुरुवात, प्रत्येकावर संशय, आणि सगळ्यांच्या मधे विसरभोळा पांडू. भुताच्या भीतीनं मालिका बघायला बसलेले लोक पांडूसाठी थांबायचे. घरात काय चाललंय ते त्याच्या डोळ्यांदेखत चालायचं, कारण याला काय कळतंय, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

तमिळमध्ये हा धागा अखंड राहिला. तंजावर जिल्ह्यातल्याच पट्टुकोट्टै गावचं नाव लावणारे प्रभाकर यांनी भरत आणि सुशीला ही जोडी लोकप्रिय केली. त्यांच्या पॉकेटबुकांत खुनाइतकीच उत्सुकता असते ती सुशीलाच्या टीशर्टवर या वेळी कोणतं वाक्य लिहिलेलं असेल याची.

दुसरं पापनाशम्

या गावाचं नाव घेतलं की बऱ्याच जणांना कमल हासनचा चित्रपट आठवतो. तो या गावाचा नव्हे. ३ जुलै २०१५ रोजी प्रदर्शित झालेला 'पापनाशम्' घडतो तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या त्याच नावाच्या गावात, ताम्रपर्णीच्या काठी, पश्चिम घाटाच्या पायथ्याशी. जीतू जोसेफ यांच्याच २०१३ च्या मल्याळम 'दृश्यम'चा तो अवतार. त्याच महिन्याच्या शेवटी हिंदी 'दृश्यम' आला. तो निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केला होता आणि कथा गोव्यात बसवली होती.

हलकीफुलकी कथा ही नव्हे. तिच्यातला मृत्यू आणि त्यानंतरचा पोलिसी छळ अंगावर येतो. तरी ती याच घराण्यातली आहे, कारण तिनं हसण्याचं हत्यार दुसऱ्या पक्षाच्या हाती दिलं. नायक केबलचा धंदा करणारा. शिक्षण चौथीपर्यंतसुद्धा धड नाही, हात आखडता, रात्र रात्र ऑफिसात सिनेमे बघत बसणारा. गाव त्याच्या सिनेमावेडाला हसतं आणि पोलीसही त्याला मोजत नाहीत. पहिला तासभर प्रेक्षकही त्याच्या चिक्कूपणाला हसतो. मग तो आपल्या कुटुंबाला वाचवायला सिनेमांतूनच शिकलेली युक्ती वापरतो : आपण दोन दिवस परगावी होतो, हे हॉटेलवाल्याच्या, बस कंडक्टरच्या, थिएटरच्या माणसाच्या मनात तो बेमालूम रुजवतो. ते खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच तसं आठवतं. गोव्यात पणजीचा सत्संग आणि पावभाजी हा त्या आठवणीचा मसाला.

गावाची स्मृती, गावाच्या गप्पा, गावानं न मोजलेला माणूस : मार्पल ज्या वस्तू वापरून खुनी शोधते, त्याच वस्तू वापरून हा माणूस प्रेत लपवतो. गावातल्या कथेत न्याय आपोआप घडतो असं मानणाऱ्या वाचकाला हा हिसका आवश्यक होता. हसण्यामागे दडणारा नेहमी सज्जनच असेल, याची हमी कोणी दिलेली नाही.

हिशेब

दुरैसामी अय्यंगारांचा वकील, ऑर्वेलचा दंतवैद्य, शहाजीराजांचा मोरोभट्ट ही गावानं मान दिलेली माणसं. सामियार, सांबू, मार्पल, फेणे, पांडू ही गावानं हसण्यावारी नेलेली. शेवटच्या पानावर दोन्ही रांगा जागा बदलतात. या कथांची खरी चटक ही अदलाबदल आहे. कोडं सुटल्याचं समाधान त्यानंतरचं. ज्याच्या घरात वडीलधाऱ्यांसमोर बोलता येत नाही, ज्याला कचेरीत कोणी विचारत नाही, ज्या बाईचं म्हणणं बायकी बडबड म्हणून उडवलं जातं, त्या प्रत्येकाचा या कथेत छुपा विजय असतो. तो विजय उघडपणे मांडला तर गावच्या पुढाऱ्यांना राग आला असता. विनोदी खूनकथा म्हणून मांडला, तर पुढारीच ओट्यावर बसून मोठ्यानं वाचतात.

वाचकासाठी यातून एक व्यवहाराची सूचना निघते. अशी कथा पुढच्या वेळी हाती आली की प्रेत जिथे सापडलं ते पान फार घोटवू नका. तिथे लेखकानं सगळं नीट झाकलेलं असतं. जिथे तुम्हाला मोठ्यानं हसू आलं, त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवा. खुनी बहुतेक तिथेच सापडेल.